न्हाणीघरातला दगड: आधी जात ओळखा, मग रंग पाहा

कापडाच्या व्यापाऱ्याने दगडाविषयी लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्या दुकानात पडद्याचे कापड पाहायला येणारे ग्राहक बोलता बोलता घराच्या बांधकामावर येतात आणि हमखास न्हाणीघरापाशी थांबतात. पूर्वी घरात सर्वांत कमी खर्च जेथे होई, त्या जागेवर आज दिवाणखान्याइतका खर्च होतो. मोठ्या हॉटेलात पाहिलेले, आखातातून आलेल्या पाहुण्याने मोबाइलवर दाखवलेले संगमरवरी न्हाणीघर आपल्याही घरी असावे, अशी हौस मध्यम व्यापाऱ्यालाही वाटू लागली आहे. हौस वाईट नाही. परंतु या हौसेत पैसा कसा पाण्यात जातो, हे आम्ही स्वतःच्या घरी पाहिले आहे. म्हणून हा लेख.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे स्लॅब म्हटले की सिमेंटचे छप्पर डोळ्यांपुढे येते. दगडाच्या बाजारात स्लॅब म्हणजे खाणीतून आलेला मोठा ठोकळा करवतीने कापून काढलेला अखंड पाट. सर्वसाधारणपणे तो १६ ते २० मिलिमीटर जाड असतो आणि आकाराने नऊ बाय पाच फुटांपर्यंत किंवा त्याहून मोठाही असतो. लहान तुकड्यांची फरशी म्हणजे जणू कटपीस. स्लॅब म्हणजे अख्खा तागा. अखंड पाटाने भिंत मढवली की सांधे कमी दिसतात आणि दगडाच्या शिरा सलग वाहतात. श्रीमंती दिसते ती यामुळे.

आमच्या घरची गोष्ट

२००४ साली आम्ही जुने घर पाडून नवे बांधले. न्हाणीघरासाठी पांढरा संगमरवर आणला आणि शोभेसाठी त्याला हिरव्या दगडाची किनार दिली. साडीला काठ असावा तशी ती दिसे. दगड पसंत करताना आम्ही दुकानात फक्त रंग पाहिला. ज्या माणसाने तीस वर्षे कापड चिमटीत धरून, उजेडाला लावून, ओल्या रुमालाने चोळून घेतले, त्याने दगड मात्र नुसता डोळ्यांनी घेतला.

पुढे काय झाले ते क्रमाने सांगतो. मिस्त्रीने दगड साध्या करड्या सिमेंटमध्ये बसवला. काही दिवसांतच हिरव्या पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या गेल्या. काम संपल्यावर फरशीवर सांडलेले सिमेंट काढण्यासाठी मजुराने अ‍ॅसिड ओतले. फेस आला, सिमेंट निघाले आणि त्याबरोबर संगमरवराची चमकही गेली. आम्ही पुन्हा मशीन लावून फरशी आरशासारखी घासून घेतली. पावसाळ्यात पहाटे वझूसाठी उठलेल्या आमच्या अम्मी त्याच आरशावरून घसरल्या आणि मनगटाचे हाड मोडले. वर्ष सरता सरता जाळीच्या आजूबाजूला पिवळट डाग उमटले. शेवटी सगळी फरशी उखडावी लागली आणि पहिल्याइतकाच खर्च पुन्हा झाला.

त्या वेळी आम्ही मिस्त्रीला बोल लावला, दुकानदाराला लावला. नंतर चार जाणकारांकडे बसून समजून घेतले तेव्हा कळले की दोष दगडाचा नव्हता. त्याचा मिजाज न ओळखता आम्ही त्याला नको त्या जागी बसवले आणि नको ते त्याच्यावर ओतले.

दगडाची दोन घराणी

न्हाणीघरापुरता विचार केला तर बाजारातले बहुतेक दगड दोन घराण्यांत बसतात. एक चुन्याचे घराणे, दुसरे गारेचे.

चुन्याच्या घराण्यात संगमरवर येतो. संगमरमर हा शब्दच फारसी आहे. संग म्हणजे दगड आणि मरमर म्हणजे मार्बल. जमिनीच्या पोटातील दाबाने व उष्णतेने चुनखडीचे रूप पालटते आणि संगमरवर तयार होतो. त्यातील मुख्य द्रव्य कॅल्शियम कार्बोनेट. शिंपल्यात आणि अंड्याच्या कवचात असते तेच. राजस्थानातील नागौर भागातला मकराणा, गुजरातेतील अंबाजी, इटलीतील कॅरारा, हे सारे याच घराण्यातले. दिव्याच्या प्रकाशात आरपार उजळणारा ऑनिक्स आणि अंगभर बारीक छिद्रे असलेला ट्रॅव्हर्टाइनही यातच.

आपल्या परिचयाच्या फरश्याही याच घराण्यातल्या आहेत. राजस्थानातील कोटा, कर्नाटकातील शहाबादी आणि आंध्रचा काळा कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. शहाबाद आणि वाडीच्या परिसरात सिमेंटचे कारखाने का उभे राहिले, याचे उत्तर हेच आहे. सिमेंटला चुनखडी लागते आणि ती तेथे पायाखाली आहे.

गारेच्या घराण्यात ग्रॅनाइट येतो. तो पृथ्वीच्या पोटातील वितळलेला रस खोलवर सावकाश थंड होऊन बनतो. त्यात क्वार्ट्झ म्हणजे गार, फेल्डस्पार आणि अभ्रक असते. आंध्रातील ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा चमचमता काळा गॅलॅक्सी, राजस्थानातील जालोरचा ग्रॅनाइट आणि कर्नाटकातील इलकलचा लाल दगड ही ठळक नावे. आम्हा कापडवाल्यांना इलकल हे गाव साडीमुळे ठाऊक. दगडवाल्यांना ते लाल ग्रॅनाइटमुळे ठाऊक. क्वार्ट्झाइट नावाचा दगडही याच घराण्यात मोडतो. तो वाळूच्या दगडापासून बनतो आणि फार कठीण असतो.

खनिजांची कठीणता मोजण्यासाठी १ ते १० अशी मोजपट्टी आहे. तिच्यावर संगमरवरातील कॅल्साइट ३ वर आहे, फेल्डस्पार ६ वर आणि गार ७ वर. साधा पोलादी चाकू साडेपाचच्या आसपास येतो. म्हणजे चाकूचा ओरखडा संगमरवरावर उठतो, ग्रॅनाइटवर सहसा उठत नाही.

पण न्हाणीघरात ओरखड्यापेक्षा मोठा शत्रू अ‍ॅसिड आहे. चुन्याच्या दगडावर अ‍ॅसिड पडले की कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डाय-ऑक्साइड वायूचे बुडबुडे निघतात. आम्ही ज्याला फेस म्हणत होतो, तो आमचा दगड विरघळत असल्याची खूण होती. लिंबू आणि सिरका हेही अ‍ॅसिडच आहेत. ते सौम्य असल्याने वेळ जास्त घेतात इतकेच. ग्रॅनाइटला असल्या घरगुती अ‍ॅसिडने सहसा काही होत नाही.

संगमरवराला रेशीम समजावे आणि ग्रॅनाइटला जाड टेरिकॉट. रेशमाची नजाकत टेरिकॉटला येणार नाही, पण रेशमी कापड कोणी धुण्याच्या दगडावर आपटत नाही.

दुकानात करावयाच्या पाच परीक्षा

दगडाच्या गोदामात जाताना खिशात एक लिंबू, एक पांढरा रुमाल, थोडे पाणी आणि नेलपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन घेऊन जावे. दुकानदाराकडून आपल्याला हव्या त्याच लॉटचा तुकडा मागून घ्यावा. प्रामाणिक दुकानदार तुकडा देतो.

पहिली परीक्षा लिंबाची. पॉलिश केलेल्या बाजूवर रसाचा थेंब ठेवून पंधरा मिनिटे थांबावे आणि पुसून तिरप्या उजेडात पाहावे. डाग निस्तेज दिसला तर दगड चुन्याच्या घराण्यातला. काही पांढऱ्या संगमरवरांत डोलोमाइट नावाचे खनिज असते. त्यावर परिणाम हळू होतो, पण होतो. ही परीक्षा विशेष महत्त्वाची अशासाठी की बाजारात काही मऊ संगमरवर क्वार्ट्झाइट म्हणून जास्त भावाने विकला जातो. नाव काहीही असो, लिंबू खोटे बोलत नाही.

दुसरी परीक्षा पाण्याची. थेंब ठेवून दहा-पंधरा मिनिटांनी पुसावा. खाली काळपट ओल दिसली तर दगड पाणी पितो. असा दगड तेल, मेंदी आणि शाम्पूचा रंगही पिणार. मकराण्याची जी कीर्ती आहे ती त्याच्या घट्ट, कमी पाणी पिणाऱ्या पोतामुळेही आहे.

तिसरी परीक्षा आमच्या धंद्यातली, कच्च्या रंगाची. करडा ग्रॅनाइट काही ठिकाणी रंग चढवून काळाभोर करून विकतात. पांढऱ्या रुमालावर अ‍ॅसिटोन घेऊन दगड चोळावा. रुमाल काळा झाला तर तो रंग दगडाचा नव्हे. असा दगड न्हाणीघरात काही काळातच फिका पडतो.

चौथी परीक्षा पाठीची. कापडाची उलटी बाजू पाहिल्याशिवाय आपण सौदा करत नाही. दगडाचीही पाठ पाहावी. पाठीवर प्लास्टिकसारखी जाळी चिकटवलेली असेल तर तो दगड नाजूक आहे, त्याला अस्तर लावले आहे. आयात केलेल्या बऱ्याच संगमरवरांना अशी जाळी असते आणि ती लबाडीच असते असे नाही. परंतु समोरच्या बाजूला भेगा रेझिनने किती भरल्या आहेत, हे उजेड तिरपा पाडून पाहावे. पाट उभा करून बोटाने वाजवावा. निरोगी दगडाचा आवाज खणखणीत येतो, फुटलेल्याचा बद्द येतो.

पाचवी परीक्षा ओल्या पायाची. ज्या पॉलिशचा दगड जमिनीवर लावायचा, त्याच पॉलिशचा तुकडा खाली ठेवून त्यावर पाणी व साबण टाकावे आणि कशाचा तरी आधार धरून अनवाणी पाय ठेवून पाहावा. आम्ही हे केले असते तर अम्मींचा हात वाचला असता.

कोणता दगड कोठे

आता मुख्य प्रश्न. सगळे न्हाणीघर एकाच दगडाचे करावे, हा आग्रह आम्ही सोडायला सांगतो. न्हाणीघरात चार वेगवेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेची गरज निराळी असते.

जमीन: येथे पाणी, साबण आणि अनवाणी पाय. आरशासारखे पॉलिश येथे नकोच. ग्रॅनाइट घ्यायचा तर ज्वालेने भाजून खरबरीत केलेला किंवा लेदर फिनिश घ्यावा. कोटा घेतला तर त्याचे नैसर्गिक खडबडीत रूप ठेवावे. संगमरवरच हवा असेल तर तो चकचकीत न करता नुसता घासून मंद ठेवावा, त्याला होन्ड फिनिश म्हणतात. शॉवरखाली मोठा पाट न घालता लहान तुकडे घालावेत. सांधे वाढतात आणि पायाला पकड मिळते.

शॉवरची भिंत: येथे रोज पाणी उडते. आपल्या गावी बोअरचे जड पाणी असेल तर येथे ग्रॅनाइट किंवा खरा क्वार्ट्झाइट बरा. कारण पुढे निगेच्या भागात सांगितले आहे.

कोरडी भिंत: आरशाची किंवा दारासमोरची भिंत. हौस करायची ती येथे. येथे कोणी घसरत नाही, पाणी क्वचित उडते, अ‍ॅसिड ओतण्याचे कारण पडत नाही आणि आत शिरताच नजर येथेच जाते. उत्तम शिरांचा संगमरवर किंवा मागे दिवा लावलेला ऑनिक्स या एका भिंतीवर लावला तर सगळ्या न्हाणीघराला भारदस्तपणा येतो.

बेसिनचा ओटा: टूथपेस्ट, अत्तर, मेंदी, दाढीचे सामान, सगळे येथे सांडते. ग्रॅनाइट सर्वांत निर्धास्त. फार फिका रंग टाळावा.

महाग दगड नजर पडते तेथे लावावा, ही युक्ती नवी नाही. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबरा सतराव्या शतकात उभा राहिला. त्यात संगमरवर सगळीकडे नाही. मुख्य इमारतीच्या भिंतींचा खालचा भाग आणि वरचा घुमट संगमरवरी आहे. मधला बराचसा भाग आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचा असून त्यावर चुन्याचा गिलावा आहे. लांबून पाहणाऱ्याला सारा मकबरा पांढराशुभ्र दिसतो. बादशाही घराण्याने जेथे हिशेब पाहिला, तेथे आपण पाहायला काय हरकत आहे?

खरेदी करताना

पाट नेहमी एकाच ठोकळ्याचे घ्यावेत. प्रत्येक पाटावर ठोकळ्याचा व क्रमाचा आकडा टाकलेला असतो. एका लॉटचे कापड संपले की दुसऱ्या लॉटची छटा जुळत नाही, तसेच येथे आहे. राजस्थानातील किशनगड ही संगमरवराची मोठी बाजारपेठ. तेथून थेट माल मागवणाऱ्यांनी तर पाट प्रत्यक्ष पाहून, आकडे लिहून, छायाचित्र घेऊनच पैसे द्यावेत.

एकामागून एक कापलेले दोन पाट पुस्तकासारखे उघडून शेजारी लावले की शिरांची जुळी नक्षी तयार होते. याला बुक मॅच म्हणतात. भिंतीवर ही नक्षी फार खुलते. परंतु त्यासाठी सलग क्रमाचे पाट आणि समोरासमोरच्या बाजूंचे पॉलिश लागते, शिवाय कापात माल वाया जातो. साध्या कामातही कापाकापीसाठी काही माल जास्त धरावा लागतो. बुक मॅचसाठी त्याहून अधिक. हे आधीच मिस्त्रीशी बोलून ठरवावे. माप आपल्यासमोर घ्यावे आणि मोडक्या कडांचा हिशेब आधी मिटवावा.

वजनाचाही विचार करावा. १८ मिलिमीटर जाडीचा संगमरवर एका चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरतो. नऊ बाय पाच फुटांचा एक पाट म्हणजे दोनशे किलो. तो जिन्यातून वळेल का, लिफ्टमध्ये मावेल का, हे घर मोजून मगच ठरवावे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हौसेने आणलेले अखंड पाट जिन्याखाली कापून दोन-दोन तुकडे करावे लागले. पैसे पाटाचे गेले, घरात आली फरशी.

बसवताना

दगड कितीही महाग असो, तो पाणी अडवत नाही. पाणी अडवते ते त्याच्या खालचे वॉटरप्रूफिंग. दगड बसवण्यापूर्वी न्हाणीघरात किमान दोन दिवस पाणी भरून ठेवावे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहावे. ही परीक्षा चुकवून बसवलेली फरशी पुढे फोडावी लागते. जमिनीचा उतार जाळीकडे असावा. दर ऐंशी इंचाला एक इंच हे चांगले प्रमाण.

पांढऱ्या संगमरवराखाली करडे सिमेंट कधीही वापरू नये. त्याची सावली वर उमटते. पांढरे सिमेंट किंवा दगडासाठी बनवलेला पांढरा चिकट मसाला वापरावा. काही पांढऱ्या दगडांत लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. सतत ओल राहिली की ते गंजतात आणि पिवळट डाग पडतात. आमच्या जाळीजवळ तेच झाले होते. म्हणून असा दगड पाणी साचणाऱ्या जागी नको.

आमच्या हिरव्या किनारीचा उलगडाही येथेच होतो. बाजारात हिरवा मार्बल म्हणून मिळणारा राजस्थानचा दगड खरा संगमरवर नव्हे. त्यात सर्पेंटाइन नावाचे खनिज असते. पाठीकडून ओल लागली की त्याचे पातळ तुकडे वाकतात. कोरे कापड पहिल्या धुण्यात आटते आणि शिवण ओढली जाते, तसाच काहीसा प्रकार. त्याला पाण्याचा मसाला लावू नये, इपॉक्सीने चिकटवावा.

भिंतीवरचे मोठे पाट केवळ मसाल्यावर सोडू नयेत. मागून स्टेनलेस स्टीलच्या पकडी घ्याव्यात. दोनशे किलोचा दगड अंगावर पडला तर काय होईल, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट माणुसकीची आहे. दगड घरी कोरडाच कापला की धुरळा उडतो आणि कारागीर तोंडाला रुमाल बांधून तो छातीत घेत राहतो. ग्रॅनाइटच्या धुरळ्यात गारेचे सूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा आजार होतो आणि त्यावर बरे करणारे औषध नाही. कारखान्यात बनणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या पाटांत तर गारेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वरही असते. त्यापायी तरुण कामगार आजारी पडू लागल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. आपण इतके तरी करू शकतो. दगड शक्यतो कारखान्यातच मापात कापून आणावा. घरी कापायचा तर पाणी सोडून कापायला लावावा आणि कारागिराला चांगला मास्क आपल्या खर्चाने द्यावा. रुमालाने हे कण अडत नाहीत.

निगा

काम संपल्यावर फरशी अ‍ॅसिडने धुणार नाही, हे मिस्त्रीकडून काम देतानाच कबूल करून घ्यावे. सिमेंटचे डाग ओले असतानाच पुसावेत. संडास साफ करण्याच्या बाटलीतही बहुधा अ‍ॅसिड असते. ती संगमरवराच्या न्हाणीघरात ठेवूच नये आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना तसे समजावून सांगावे. सौम्य साबण आणि पाणी पुरेसे आहे.

पुष्कळ लोक म्हणतात की आम्ही दगडाला सीलर लावला आहे, आता काळजी नाही. हा गैरसमज आहे. सीलर दगडाच्या बारीक छिद्रांत शिरून पाणी व तेल आत जाण्यापासून रोखतो, म्हणजे डाग पडत नाही. परंतु अ‍ॅसिड वरच्या पृष्ठभागालाच खाते. ते सीलरने थांबत नाही. सीलर काही काळाने पुन्हा लावावाही लागतो. थेंबाची परीक्षा करून पाहावी. दगड पाणी पिऊ लागला की वेळ झाली.

आता बोअरच्या पाण्याबद्दल. मराठवाड्यात आणि इतरत्रही बोअरचे पाणी जड असते. ते भिंतीवर सुकले की क्षाराचा पांढरा थर बसतो. हा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटच असतो, म्हणजे संगमरवराचा सख्खा भाऊ. थर विरघळवणारे जे काही आपण लावू, ते त्याच्या खालचा संगमरवरही विरघळवणार. भावाला मारून भावाला वाचवता येत नाही. म्हणून जड पाण्याच्या गावी शॉवरच्या भिंतीला गारेच्या घराण्याचा दगड बरा, असे आम्ही वर म्हटले. संगमरवर असेलच तर आंघोळीनंतर वायपर फिरवून भिंत कोरडी करण्याची सवय घरातल्या सर्वांना लावावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

तेलाचा डाग पडला तर मुलतानी मातीचा घट्ट लेप लावून वर प्लास्टिक चिकटवावे आणि एक-दोन दिवसांनी काढावे. माती डाग शोषून घेते. हा उपाय कमी दर्जाचा समजू नये. मकराण्याच्या संगमरवराचा ताजमहाल हवेतील प्रदूषणाने पिवळट पडतो तेव्हा पुरातत्त्व खात्याचे लोक त्यावर मुलतानी मातीचाच लेप लावतात आणि नंतर शुद्ध पाण्याने धुतात. जगातील सर्वांत नामांकित संगमरवर मातीने साफ होतो, तर आपल्या न्हाणीघराला अ‍ॅसिड कशाला हवे?

हिशेब

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे. गोदामात शिरल्यावर पहिला प्रश्न रंगाचा किंवा भावाचा विचारू नये. हा दगड चुन्याचा की गारेचा, हे विचारावे. मग तो कोठे लावायचा, आपल्या गावचे पाणी कसे आहे आणि घरात वृद्ध कोण आहे, याचा विचार करावा. एवढे ठरले म्हणजे शंभरातले ऐंशी दगड आपोआप बाद होतात. उरलेल्या वीसांत हवा तो रंग खुशाल निवडावा.

२००५ साली आम्ही ते न्हाणीघर दुसऱ्यांदा केले. जमिनीला खरबरीत करडा ग्रॅनाइट लहान तुकड्यांत, शॉवरच्या भिंतीला तोच ग्रॅनाइट पॉलिश केलेला, आणि पहिल्या उखडलेल्या संगमरवरातले जे पाट धड निघाले ते आरशाच्या कोरड्या भिंतीवर. वझूसाठी बसायला एक रुंद दगडी बाक केला आणि त्याच्याजवळ धरायला स्टीलचा दांडा. पाहुणे आजही भिंतीकडे पाहून तारीफ करतात. जमिनीकडे कोणाचे लक्ष जात नाही. आमच्या अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि पहाटे एकट्याच उठून तेथे जातात. आमच्या लेखी त्या न्हाणीघरातला सर्वांत किमती दगड तो करडा, खरबरीत आणि स्वस्तातला आहे.